एक हात मोकळा

प्राणिमात्रांवर दया करावी, असं सर्व धर्मांनी सांगून ठेवलं आहे. ती नेमकी कितीच्या गाडीने करावी, हे मात्र एकाही धर्माने सांगितलेलं नाही. ही उणीव रत्नागिरीच्या बसस्टँडसमोर टेलिफोन बूथ चालवणाऱ्या यशवंत मयेकरांनी भरून काढली. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणे.

काळ कोकणात रेल्वे नुकती सुरू झाली होती तेव्हाचा. मोबाइल अजून लोकांच्या खिशात आला नव्हता. बूथ म्हणजे पिवळी पाटी, काचेचा उभा खोका, आत स्टूल, आणि बाहेर काउंटरमागे भाऊ. तुम्ही फोन करून बाहेर आलात की भाऊ तुमच्या तोंडाकडे बघत नसत. हातांकडे बघत. मग विचारत, "उद्या सहाच्या गाडीने चिपळूणला जाताय ना? एक हात मोकळा आहे?"

आपण चिपळूणला जाणार हे ह्यांना कसं कळलं, असा प्रश्न नवख्या माणसाला पडे. काचेच्या दाराची कडी कधीच मोडली होती आणि भाऊंनी ती दुरुस्त केली नव्हती. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकू नये, हे त्यांना पूर्ण मान्य होतं. "मी ऐकत नाही, मास्तर," ते मला म्हणाले होते. "कानावर आलेलं परत पाठवत नाही, एवढंच."

नवखा माणूस बेसावधपणे "हो, आहे की" म्हणे. त्याबरोबर काउंटरखालून एक आंब्याची पेटी वर येई. तिच्या फटींमधून दोन डोळे त्या माणसाकडे बघत. सोबत चिठ्ठी असे: "नाव: चिंगी. वय: अडीच महिने. स्वभाव: शांत, शेपटीला हात लावलेला चालत नाही. बांगडा खाते. बोंबील खात नाही. चिपळूणला बाजारपुलाजवळ जोशीबाई उभ्या असतील, हिरवी छत्री." लग्नाच्या स्थळांची माहिती इतकी सरळ लिहिण्याची पद्धत पडली असती, तर समाजाचे बरेच हाल वाचले असते.

ही पद्धत भाऊंनी शोधून काढली, असं म्हणता येणार नाही. ती आमच्याकडची जुनीच. पोस्ट आहे, पार्सल आहे, हे आम्हाला माहीत असतं. विश्वास मात्र जाणाऱ्या माणसावर. "कोण जातंय का?" हा प्रश्न सकाळी आळीत फिरतो आणि संध्याकाळपर्यंत मुंबईला निघालेल्या एखाद्या सज्जनाच्या गळ्यात तीन घरचे गरे, दोन घरची कुळथाची पिठी आणि एका घरची सून पडते. सुनेला दादरला उतरवायचं असतं. भाऊंनी या यादीत मांजर वाढवलं, इतकंच.

सुरुवात एका बदलीने झाली. कुठल्याशा कार्यालयातले एक गृहस्थ बिऱ्हाड हलवून चिपळूणला गेले आणि मांजर इथेच विसरले. विसरले म्हणजे आठवणीने विसरले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलीने शेजाऱ्यांना भाऊंच्या बूथवर बोलावून घेतलं आणि चिपळूणहून फोनवर इतकी रडली, की ते रडणं शेजाऱ्याच्या कानातून निघून भाऊंच्या कानावर आलं. भाऊंनी ते परत पाठवलं नाही. त्यांनी मांजर पाठवलं. ज्याच्याबरोबर पाठवलं, त्याचा एक हात मोकळा होता.

मग ते पसरत गेलं. गटारात सापडलेली पिल्लं, गाडीखाली पाय गेलेलं कुत्रं, मालक वारल्यावर दारात बसून राहिलेला बोका: गुरांच्या डॉक्टरांचा कंपाउंडर पट्ट्या बांधून ते सगळं भाऊंकडे आणून ठेवी. आणि त्यांना घरं बूथच्या काचेतूनच मिळत. कोणी दापोलीच्या बहिणीला सांगत असे, "अगं, उंदरांनी गोणी फोडली म्हणतेस?" की तिचं बोलणं संपायच्या आत भाऊ काचेवर टकटक करत. "मांजर हवंय का विचारा. गुरुवारी कृषी विद्यापीठातला एक विद्यार्थी परत जातोय. सोबत एकच बॅग आहे त्याच्या."

या कामाला ते सेवा वगैरे म्हणत नसत. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती: दोन्ही हात भरलेली, आणि एक हात मोकळा असलेली. पहिल्या प्रकाराबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. "दोन्ही हात भरलेला माणूस देवाला नमस्कार कसा करणार?"

"आणि एका हातात मांजर असलेला?" मी विचारलं.

"तो मान हलवतो. देव समजून घेतो."

मी स्वतः पहिल्या प्रकारातला. मी हायस्कूलात नागरिकशास्त्र शिकवतो, मांडवीला राहतो, आणि पुण्याला शिकणाऱ्या मुलीला फोन करायला एक दिवसाआड बूथवर जात असे. मला मांजरं आवडत नाहीत. कुत्री माझ्याकडे बघतात तेव्हा मला काहीतरी सिद्ध करावं लागेल असं वाटतं. म्हणून भाऊंचा प्रश्न टाळण्यासाठी मी दोन पिशव्या नेत असे. उजवीत तपासायच्या वह्या. डावीत एक जुनं वर्तमानपत्र, पिशवी भरलेली दिसावी म्हणून. या युक्तीचा मला अभिमान होता. तीन वर्षं भाऊंनी मला एकदाही विचारलं नाही.

भाऊंच्या दोन गोष्टी मात्र मला कोड्यात टाकत. एक म्हणजे त्यांनी स्वतः एकही जनावर पाळलं नाही. पेटी वर काढायची, चिठ्ठी बांधायची, द्यायची. कुरवाळणं नाही, लाडाचं बोलणं नाही. गाडी सुटताना ते पाठ करून उभे राहत. दुसरी म्हणजे, सगळ्या जिल्ह्याला पाठवणारा हा माणूस स्वतः कुठेच जात नसे. हातखंब्यापलीकडे त्यांना कोणी पाहिलेलं नव्हतं.

आता पेट्यांच्या अदलाबदलीबद्दल सांगायला हवं, कारण भाऊंचा प्रसिद्ध नियम त्यातून जन्माला आला.

मे महिना होता. एक कारकून पुण्याला निघालेल्या एका माणसाबरोबर आपल्या तिकडच्या साहेबांना हापूसची पेटी पाठवत होता. साहेबांच्या हातात त्याच्या बदलीचा कागद होता. त्याच माणसाबरोबर भाऊ पुण्याच्या एका शिक्षिकेसाठी मांजर पाठवत होते. पिवळं, गुबगुबीत. दोन्ही पेट्या सारख्या, दोन्हींत पेंढा, दोन्हींना सुतळी. नावाच्या चिठ्ठ्या भाऊंनी लावल्या, आणि चष्मा घरी होता. मांजर दहीभात खाऊन झोपलेलं. नेणाऱ्याने पेट्या बरोबर पत्त्यांवर दिल्या. साहेबांच्या दारात पेटी "म्याँव" म्हणाली, तेव्हाही त्याला शंका आली नाही. भाऊंनी दिलंय म्हणजे मांजरच असणार, असा त्याचा हिशेब.

आठवड्याने कारकुनाला साहेबांचं पत्र आलं: "पेटी मिळाली. घरात सर्वांना फार आवडली. मुलं तर सोडतच नाहीत." कारकून खूश. त्यानंतर तीन आठवड्यांनी शिक्षिकेचा फोन आला, की आंबे उत्तम होते, पण तिने दूध वाढवून घेतलंय त्याचं काय करायचं? तेव्हा कुठे उलगडा झाला. कारकून दोन दिवस जेवला नाही. बदली मात्र झाली. कागदावर सही करताना साहेबांनी विचारलं म्हणे, "अशी आणखी एक मिळेल का?"

भाऊंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मांजर योग्य घरी पोचलं नाही यापेक्षा, ते कुठे पोचलं हे आपल्याला महिनाभर कळलंच नाही, हे त्यांना लागलं. चार दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बूथवर पुठ्ठा लागला:

"पोचल्यावर फोन करणे. दोन रिंगा: पोचलं. तीन रिंगा: पोचलं, पण दुसरंच. त्याहून जास्त: उचलणे."

तेव्हा फोन उचलला की मीटर पडे, म्हणून दोन रिंगा देऊन ठेवून देण्याची रीत घरोघरी होती. भाऊंनी तिला घटनेचा दर्जा दिला. संध्याकाळी पाच ते सात ते बाहेरगावचा फोन कोणाला लावू देत नसत. लाइन पोचलेल्यांसाठी राखीव. फोन एकदा वाजे, दोनदा वाजे, थांबे. भाऊ वहीत खूण करत आणि म्हणत, "चिंगी पोचली." आवाज असा, जसा रेल्वेत स्टेशनमास्तर सांगतो. पण खूण होईपर्यंत त्यांच्या हातातला चहा प्यायला जात नसे, हे मी बघितलेलं आहे.

या कार्याची दखल समाजाने घेतली नाही असं नाही. गावातल्या एका मंडळाला दरवर्षी कोणाचा तरी सत्कार केल्याशिवाय राहवत नसे, आणि त्या वर्षी डॉक्टर, वकील, बागायतदार सगळे संपले होते. प्रमुख पाहुणे कोल्हापूरहून आणले. मानपत्रात "भूतदयेचे अखंड तेवणारे नंदादीप" आणि "मूक जीवांचे कैवारी" हे शब्द होते. पाहुणे पाऊण तास बोलले. त्यात प्राणी शेवटच्या पाच मिनिटांत आले, तेही हत्ती.

मग भाऊंना दोन शब्द बोलायला सांगितलं. भाऊ उठले, माइककडे संशयाने बघितलं आणि पाहुण्यांकडे वळले. "आपण आता गाडीने कोल्हापूरला जाणार ना? मागची सीट मोकळी आहे?"

सभेसमोर नाही कसं म्हणणार? पाहुण्यांनी मंद स्मित केलं. भाऊंनी खुर्चीखालून पेटी काढली, अंगावरची सत्काराची शाल काढून तिच्यात नीट अंथरली, त्यावर एक पांढरं पिल्लू ठेवलं आणि पेटी हारतुऱ्यांच्या शेजारी टेबलावर ठेवली. "कोल्हापूरला स्टँडबाहेर एक दूधवाला घेईल. चिठ्ठीत आहे सगळं." बसता बसता पुन्हा उठले. "आणि मांजर मूक नसतं. घाटात कळेल तुम्हाला."

रात्री आठच्या सुमारास दोन रिंगा आल्या. पाहुण्यांनी स्वतः दिल्या की ड्रायव्हरने, ते कळलं नाही. त्या मंडळाने पुढच्या वर्षी सत्कार एका दिवंगत व्यक्तीचा केला.

आता टिप्याकडे येतो.

आमच्या मांडवीला जनाक्का नावाची मासे विकणारी बाई होती. सत्तरीची, आवाज असा की समुद्राने हळू व्हावं. तिच्या टोपलीशेजारी टिप्या बसे: तपकिरी, दांडगा, एक कान अर्धा, म्हातारा. अकरा वर्षं हे दोघं एकमेकांवर खेकसत आनंदाने राहिले. मग पावसाळ्याच्या तोंडावर जनाक्काला अर्धांगाचा झटका आला. जयगडला दिलेली मुलगी येऊन तिला घेऊन गेली. टिप्या राहिला. पालथ्या घातलेल्या होडीला टेकून, टोपलीच्या जागेकडे तोंड करून तो बसला आणि त्याने खाणं सोडलं. लोकांनी भात घातला, मासे घातले. तो वास घेई आणि तोंड फिरवी.

आठव्या दिवशी जयगडहून मुलीचा बूथवर फोन आला. यावेळी भाऊंनी चोरून ऐकलं नाही. फोन त्यांनाच होता. रिसीव्हर त्यांनी मधे धरला, म्हणून मलाही ऐकू आलं.

"भाऊ, आय बोलत न्हाय ओ. जेवण भरवला तर थुकून टाकते. नुसती दाराकडं बगत ऱ्हाते. ता कुत्रा तिकडं हाय ना? पाठवाल काय?"

कंपाउंडर टिप्याला बघून आला होता. "अजून चार दिवस काढेल," तो म्हणाला. "पाचवा नाही."

भाऊंनी त्याच दुपारी जयगडकडे जाणारा एक ग्रामसेवक गाठला. टिप्या पेटीत मावणारा नव्हता. त्याला दोरी बांधून एसटीच्या मागच्या सीटखाली बसवला. कंडक्टर ओळखीचा. "भाऊ, आजवर मांजरं नेली, कोंबड्या नेल्या. ह्यो वाघ कुठून काढलास?" म्हणत त्याने घेतलं. पाच वाजले, सहा वाजले. सहा-दहाला फोन वाजला तो थांबेचना. ग्रामसेवक जयगडहून बोलत होता: हातखंब्याला गाडी थांबली, त्याने पाणी आणायला पाठ फिरवली, टिप्याने दोरी तोडली आणि गेला. भाऊ ऐकत होते, आणि मी रस्त्याकडे बघत होतो. स्टँडच्या कोपऱ्यावरून टिप्या येत होता. गळ्यात वीतभर दोरी, पाय लटपटणारे. आमच्याकडे न बघता तो मांडवीच्या दिशेने निघून गेला, आपल्या होडीकडे.

भाऊंनी फोन ठेवला. त्या दिवसाच्या वहीत खूण झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इक्बालला पकडलं. इक्बाल बर्फाचा टेंपो जयगडच्या धक्क्यावर नेई. भुशात झाकलेल्या लाद्या, होड्यांसाठी. तो म्हणाला, "नेतो की. पण मागं त्याला धरून कोणीतरी बसायला पाहिजे. मी गाडी धरू की कुत्रा?"

हे सगळं चाललं होतं तेव्हा मी दोन्ही पिशव्या हातात घेऊन काउंटरशी उभा होतो. समोर अगदी सोपी गोष्ट दिसत होती, ती मी बोलून टाकली. "भाऊ, तुम्हीच का नाही जात? तुमच्याजवळ तो शांत असतो. एक दिवस बूथ बंद ठेवा. तुमचे तर दोन्ही हात मोकळे."

भाऊ नवी दोरी वळत होते. तिपदरी. मान वर न करता म्हणाले, "जयगडास मी जात नाही."

"का?"

"मी तिथलाच."

मला वाटलं, जमिनीची भानगड असेल. आमच्याकडे बहुतेक मौनांच्या मुळाशी जमीन असते. पण भाऊ दोरी वळता वळता बोलत राहिले, चिठ्ठीत लिहितात त्याच आवाजात.

"सात वर्षांचा होतो. इथल्या मावशीला मूल नव्हतं. आमच्या घरी पाच. मावशीने एक मागितलं. गावातला एक जण लाँचने रत्नागिरीस निघाला होता. त्याचा एक हात मोकळा होता."

इक्बालने विडी विझवली.

"माणूस चांगला होता. वाटेत केळं दिलं. मावशीच्या दारात नेऊन उभा केला मला. मावशीनेही कधी काही कमी केलं नाही. फक्त पोचल्याचं कोणी कळवलं नाही. मावशीला वाटलं, तो परत जाऊन सांगेल. तो पुढे मुंबईस गेला. त्याला वाटलं, मावशी पत्र घालेल." दोरीला त्यांनी गाठ मारली, ओढून बघितली. "पंधरा दिवस आई रोज संध्याकाळी धक्क्यावर येऊन उभी राहायची. प्रत्येक लाँचमधून उतरणाऱ्याला विचारायची. सुट्टीत मी जायचो घरी, पण ती कधी बोलली नाही. तिच्या बाराव्याला गेलो तेव्हा शेजारणीने सांगितलं. मग नाही गेलो. गेलं की धक्का लागतो वाटेत."

भाऊंनी दोरी काउंटरवर ठेवली आणि माझ्या हातांकडे बघितलं.

"मास्तर, तुमच्या डाव्या पिशवीत तीन वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र आहे."

आयुष्यात माणसाच्या युक्त्या अशा उघड्या पडतात, तेव्हा त्याच्यापाशी फार पर्याय नसतात. मी वह्यांची पिशवी काउंटरवर ठेवली. दुसरी काखेत मारली, दोरी हातात घेतली.

बर्फाच्या टेंपोच्या मागच्या बाजूला बसून केलेल्या प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. खालून गारठा, वरून पावसाचे शिंतोडे, समोर कुत्रा. हातखंब्याला टेंपो हळू झाला तसा टिप्या उठून उभा राहिला. मला कुत्र्यांशी काय बोलतात ते माहीत नाही. मी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि वर्गात ठेवतो तसा आवाज ठेवून म्हटलं, "बस. तिकडेच चाललोय." हाताला नुसती हाडं लागत होती. तो बराच वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला. मग बसला, आणि जयगडपर्यंत त्याने माझ्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली होती. मी गुडघा हलवला नाही.

मुलीचं घर धक्क्यापासून चार पावलांवर. पडवीत खाटेवर जनाक्का पडली होती, दाराकडे तोंड करून. टिप्या फाटकाशी थांबला, नाक वर केलं आणि मग माझ्या हातातली दोरी गेली कुठे ते मला कळलं नाही. जनाक्काचं अर्धं तोंड हलत नव्हतं. उरलेल्या अर्ध्याने ती म्हणाली, "मेल्या. होतास कुटं?" अकरा वर्षं ऐकलेलं हे प्रेमाचं बोलणं टिप्याने उभ्यानेच ऐकलं आणि तो खाटेखाली शिरला. मुलीने आईसाठी कालवलेली पेजेची वाटी तिच्या चालत्या हातात दिली. जनाक्काने एक घास स्वतः घेतला आणि एक खाटेखाली धरला. तो संपला. मुलगी पदर तोंडाला लावून आत गेली. मला अशा वेळी कुठे बघावं ते कळत नाही, म्हणून मी फोन करायला निघालो.

धक्क्याजवळच्या किराणा दुकानात नाणं टाकायचा लाल फोन होता. मी नंबर फिरवला. दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचा. पहिली वाजली. दुसरी पुरी वाजायच्या आत तिकडून फोन उचलला गेला. भाऊंच्या बूथच्या इतिहासात हे कधी झालेलं नव्हतं.

"पोचलं?"

"पोचलं," मी म्हटलं. "खाल्लं त्याने. दोघांनी."

"बरं."

तरी फोन ठेवला जाईना. तिकडे स्टँडवरच्या गाड्यांचा आवाज येत होता.

"कुठून बोलताय?"

"धक्क्यावरच्या दुकानातून."

"कोण उभं आहे तिथं?"

मी मागे वळून बघितलं. धक्क्याच्या टोकाला एक बाई खाडीच्या तोंडाकडे बघत उभी होती. डोक्यावर पदर, डोळ्यांवर हाताची सावली. "एक बाई आहे," मी म्हटलं. "होडीची वाट बघत असेल कोणाच्या."

"तिला सांगा."

"काय सांगू?"

"पोचलं म्हणून."

आणि त्यांनी फोन ठेवला.

अनोळखी बाईजवळ जाऊन असंबद्ध बोलू नये, असं नागरिकशास्त्राच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं नसलं तरी ते गृहीत आहे. मी बावीस वर्षं ते पुस्तक शिकवतोय. मी धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो.

"पोचलं," मी म्हटलं.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. अंगाला भुसा, गुडघा ओला. "कोन पोचला?"

"कुत्रा. रत्नागिरीहून."

तिने जरा विचार केला. "कळवलात, ता बरा केलात," ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्याकडे बघू लागली.

परतीच्या एसटीत मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो. वह्यांची पिशवी बूथवर होती. दुसरीच्या टिप्याने हातखंबा यायच्या आतच चिंध्या केल्या होत्या.